नीलावरोध : एका दुर्मीळ व्याधीचा इतिहास

महामाऱ्यांना इतिहास असतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि त्यावर अहवाल निघाले, कायदे झाले, ग्रंथ लिहिले गेले. देवी, पटकी, हिवताप यांनाही आपापले बखरकार लाभले. परंतु जी व्याधी वर्षाकाठी एक कोटी लोकांत एखाद्या-दुसऱ्यालाच गाठते, तिची बखर कोण लिहिणार? तिच्यामुळे गावे ओस पडत नाहीत, की राज्ये डळमळत नाहीत. एखाद्या घरातले एक मूल तेवढे जाते. अशाच एका व्याधीची कथा आम्ही येथे सांगू इच्छितो. आम्ही वैद्यकाचे पंडित नव्हे. परंतु ह्या व्याधीचा इतिहास चाळताना असे दिसून आले की, तो जितका औषधांचा आहे तितकाच नोंदींचा, वर्गवारीचा आणि चुकीच्या खणात पडून राहिलेल्या कागदांचा आहे. आणि तो विषय आमच्यासारख्या दफ्तरात आयुष्य काढणाऱ्या माणसांस अगदीच परका नाही.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. एखादे मूल कर्करोगातून उठते. रक्ताचा कर्करोग असेल, किंवा न्यूरोब्लास्टोमा नावाची, मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींतून उद्भवणारी गाठ असेल. जबर मात्रेची औषधे झालेली असतात, कधी अस्थिमज्जेचे रोपणही झालेले असते. डोक्यावर पुन्हा केस येऊ लागतात, घरात शाळेच्या गोष्टी निघू लागतात. आणि मग काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ते मूल जिना चढताना मध्येच थांबते. त्याला धाप लागते, ओठ निळसर दिसतात. जंतुसंसर्ग असेल, दमा असेल, अशक्तपणा असेल, असे सर्वांस वाटते. आणि बहुतेक वेळा ते तसेच असतेही. परंतु क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत तपासणीअंती असे आढळते की, फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत दाब अतोनात वाढला आहे आणि हृदयाची उजवी बाजू त्या ओझ्याखाली फुगली आहे.

हा दाब का वाढतो हे समजण्यास शेताच्या पाटाचा दृष्टांत पुरेसा आहे. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त रोहिण्यांच्या पाटाने फुप्फुसात येते, वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत प्राणवायू घेते आणि नीलांच्या चरांतून डाव्या बाजूस निचरून जाते. निरोगी माणसाच्या फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर इतकाच असतो. फुप्फुसीय अतिदाबाच्या नेहमीच्या प्रकारात पाट अरुंद होतो. आमच्या विषयाच्या व्याधीत मात्र बिघाड मुख्यतः निचऱ्याच्या बाजूस असतो. बारीक नीलांच्या आतील अस्तर जाड होते, तंतुमय होते आणि चर बुजत जाते. पाणी मागे तुंबते. शेत चिबड होते. इंग्रजीत हिला पल्मनरी व्हेनो-ऑक्लूझिव्ह डिसीज म्हणतात. आम्ही तिला नीलावरोध म्हणू. पाट आणि चर यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे सारी कथा त्याच्यावरच फिरते.

ह्या व्याधीची पहिली नीट नोंद १९३४ सालची आहे. जर्मनीत होरा नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने एका ४८ वर्षांच्या पाव भाजणाऱ्या माणसाच्या देहाची शवपरीक्षा केली. वर्षभर सूज, निळेपणा आणि वाढती धाप सोसून तो मेला होता. होराला त्याच्या फुप्फुसातील नीला बुजलेल्या दिसल्या. त्याने ते लिहून ठेवले आणि पुढे तीस वर्षे त्या नोंदीकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. ह्यात नवल नाही. जिवंत माणसाच्या फुप्फुसातील दाब मोजण्याचे साधनच तेव्हा हाती यावयाचे होते. १९२९ साली एबर्सवाल्ड येथील तरुण शल्यवैद्य व्हेर्नर फोर्समान याने स्वतःच्या दंडाच्या नीलेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली होती. परंतु त्या धाडसाचे शास्त्र पुढे अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्स ह्यांनी घडविले, आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. नळी हाती आल्यावर दाब मोजता येऊ लागला. आणि १९५१ साली ड्रेसडेल व त्याच्या सहकाऱ्यांनी, कारण न सापडणाऱ्या फुप्फुसीय अतिदाबास ‘प्राथमिक’ असे नाव दिले. ‘प्राथमिक’ हा शब्द मोठा सोयीचा खण होता. ज्याचे कारण कळले नाही ते सारे त्यात पडू लागले; आणि बुजलेल्या नीलांचे रोगीही त्यातच दडले.

अखेर १९६६ साली इंग्लंडातील डोनाल्ड हीथ ह्या विकृतिशास्त्रज्ञाने सेगेल आणि बिशप ह्यांच्यासह ह्या व्याधीस आजचे नाव दिले. नाव देणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. बारीक नीला साध्या रंगाने रंगविलेल्या काचपट्टीवर सहज हुकतात; लवचिक तंतूंना उठाव देणारा खास रंग वापरला म्हणजेच त्या नजरेत भरतात. नावच नसेल तर तो रंग कोण वापरणार, आणि कशासाठी? १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक भरविली, तेव्हा नीलावरोधास ‘प्राथमिक’ अतिदाबाचाच एक प्रकार म्हणून जागा मिळाली. १९९८ साली एव्हियाँ येथे त्याला त्या खणातून काढून नीलांच्या रोगांत घातले. २००३ साली व्हेनिस येथे पुन्हा रोहिणीच्या खणात आणले. २००८ साली डाना पॉइंट येथे त्याच खणाला लागून एक निराळा कप्पा करून दिला. आणि २०१८ साली नीस येथील बैठकीनंतर त्याला परत रोहिणीच्या अतिदाबाचा उपप्रकार मानले. ज्याने कार्यालयात एखादी फाईल विभागाविभागांतून फिरताना पाहिली आहे, त्याला हा प्रवास निराळा समजावून सांगावयास नको. फरक इतकाच की, येथे फाईलबरोबर रोगीही फिरत होता.

आता मुलांकडे वळू. कारण होराचा रोगी प्रौढ होता, आणि त्याला कर्करोगाची औषधे मिळालेली नव्हती. मुले ह्या कथेत कशी आली हे कळण्यास कर्करोगावरील औषधांचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि तो विषारी वायूपासून सुरू होतो. जुलै १९१७ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी मस्टर्ड वायू वापरला. त्याच्या बळींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या. १९४२ साली येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन ह्यांनी त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रोग्यास टोचून पाहिले. युद्धातील गुप्ततेमुळे ते १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाले नाही. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर विमानहल्ला झाला आणि जॉन हार्वे ह्या अमेरिकन जहाजातील मस्टर्डचे बॉम्ब फुटून सहाशेहून अधिक माणसे भाजली. ह्या अपघातातूनच कर्करोगाचे औषध जन्मास आले असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही, येलचा प्रयोग त्यापूर्वीचा. बारीने त्या प्रयोगास पुष्टी मात्र दिली. पुढे १९५८ च्या सुमारास जर्मनीत ह्याच वंशातील सायक्लोफॉस्फमाइड हे औषध रोग्यांसाठी वापरात आले, आणि आजही ते वापरात आहे. पेशीतील डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकणे, हे ह्या अल्किलेटिंग वर्गातील औषधांचे काम. जखडलेली पेशी दुणावू शकत नाही आणि मरते.

त्याच काळात दुसऱ्या वाटेने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर चढाई चालली होती. मूळचे आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन चालवीत होते. तेथे तयार झालेले अमिनॉप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहांना उतार पडला होता, पण तो तात्पुरता. १९६२ साली मेम्फिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय उघडले आणि डोनाल्ड पिंकेल ह्यांनी अनेक औषधांचा एकत्र मारा करण्याचा मार्ग धरला. त्या दशकाच्या अखेरच्या प्रयोगांत निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. सिॲटलच्या डॉनल टॉमस ह्यांनी अस्थिमज्जेच्या रोपणाची वाट घडविली व १९९० साली नोबेल मिळविले. आपल्याकडे १९४१ साली उघडलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवानी ह्यांनी १९८३ साली अस्थिमज्जेचे पहिले रोपण केले. आज सधन देशांत लसिकापेशींच्या तीव्र रक्तकर्कातून दहांपैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात. ज्या रोगात पूर्वी आईबापांना दिवस मोजण्यापलीकडे काही करता येत नसे, त्या रोगाची ही आजची स्थिती आहे. पुढे जे सांगावयाचे ते हे यश विसरून कोणी वाचू नये.

आता ह्या कथेत एक रानटी झुडूप येते, आणि त्याचा कर्करोगाशी काय संबंध असे प्रथमदर्शनी वाटेल. आपल्या माळरानांवर खुळखुळा नावाची वनस्पती उगवते. वाळलेल्या शेंगेतील बिया हलविल्या की तान्ह्या मुलाच्या खेळण्यासारख्या वाजतात, म्हणून हे नाव. तिच्या लॅटिन नावाचा, क्रोटालेरियाचा, अर्थही तोच. आपला ताग तिच्याच कुळातला. १९५४ साली जमैकात ब्रास, जेलिफ आणि स्टुअर्ट ह्यांनी मुलांच्या यकृतातील नीला बुजविणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. ह्या व अशा रानपाल्याचा काढा हे त्याचे कारण होते. भारतातही १९७५-७६ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आताच्या छत्तीसगडातील सरगुजा जिल्ह्यात आदिवासी वस्त्यांत पोटे फुगून माणसे मरू लागली. त्यांच्या खाण्यातल्या गोंदली नावाच्या बारीक धान्यात क्रोटालेरियाच्या बिया मिसळलेल्या आढळल्या. नोंदल्या गेलेल्या ६७ रोग्यांपैकी २८ दगावले.

फुप्फुसाशी ह्याचा संबंध असा. ज्या हीथने १९६६ साली नीलावरोधास नाव दिले, त्यानेच पुढच्या वर्षी के आणि हॅरिस ह्यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला : ह्या कुळातील एका वनस्पतीच्या बिया उंदरांना खाऊ घातल्या की त्यांच्या फुप्फुसात अतिदाब उत्पन्न होतो. त्या बियांतील मोनोक्रोटॅलिन हे विष आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच कामासाठी वापरतात. ते विष यकृतात पोचून पालटते, आणि पालटल्यावर जे करते ते सायक्लोफॉस्फमाइडच्या कार्याच्याच जातीचे : पेशीतील रेणूंना जखडून टाकणे. सरगुजाचे धान्य आणि रुग्णालयातील सलाईनची बाटली ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु रक्तवाहिनीच्या नाजूक अस्तराला दोहोंकडून मिळणारा घाव एकाच जातीचा.

हे ध्यानात यावयास काळ लागला. १९८० नंतरच्या दशकात कर्करोगावरील औषधे घेतलेल्या व मज्जारोपण झालेल्या रोग्यांत नीलावरोध आढळल्याच्या नोंदी एक-एक करून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत मुलेही होती. प्रत्येक नोंद एकटी असे. एका गावच्या वैद्याने एक रोगी पाहावा, दुसऱ्या देशातील वैद्याने दुसरा. एखाद्या एकट्या नोंदीला योगायोग म्हणून बाजूस सारणे सोपे असते. २०१५ साली फ्रान्समधील संशोधकांनी आपल्या देशाच्या नोंदवहीतील आणि जुन्या लिखाणातील असे ३७ रोगी एकत्र मांडले, तेव्हा त्यांपैकी पाचांत चारांहून अधिक जणांना अल्किलेटिंग औषधे मिळाली होती असे दिसले. आणि त्या औषधांत सायक्लोफॉस्फमाइड सर्वांत पुढे होते. तेच औषध त्यांनी प्राण्यांना देऊन पाहिले व तोच परिणाम घडताना दाखविला. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेंच संशोधकांनीच असेही दाखविले होते की, नीलावरोध काही घराण्यांत वंशपरंपरेने येतो आणि त्याचे मूळ ईआयएफ-टू-एके-फोर नावाच्या जनुकात आहे. कपाटाकपाटांत विखुरलेले कागद एका टेबलावर आले, आणि ऐंशी वर्षांपूर्वीची होराची नोंद कोणत्या साखळीचा दुवा आहे हे स्पष्ट झाले.

उपचाराच्या कथेत मात्र एक क्रूर विरोधाभास आहे. १९७६ साली जॉन व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टासायक्लिन हे रक्तवाहिन्या सैलावणारे द्रव्य शोधले; त्यापासून झालेल्या एपोप्रोस्टेनॉल ह्या औषधास १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामागून बोसेन्टन आले, सिल्डेनाफिल आले. ‘प्राथमिक’ अतिदाबाच्या ज्या रोग्यांपुढे पूर्वी दोन-तीन वर्षांचे आयुष्य असे, त्यांना ह्या औषधांनी पुष्कळ वर्षे दिली. साहजिकच फुप्फुसातला दाब वाढलेला दिसला की वैद्याचा हात तिकडे जातो. पण वाचकांनी तो पाटाचा दृष्टांत आठवावा. पाट अरुंद असेल तर तो रुंद करणे हाच उपाय. परंतु चर बुजलेली असताना पाटाचे तोंड मोठे केले तर शेत पाण्याखाली जाणारच. नीलावरोधात ही औषधे दिल्यावर काही रोग्यांच्या फुप्फुसांत तासा-दोन तासांत पाणी साचून ते दगावल्याच्या नोंदी आहेत. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला बुडविते, आणि दोघे वरून पाहता सारखेच दिसतात. १९६६ साली दिलेल्या नावाचे मोल येथे कळते.

मग ओळखावे कसे? पक्का पुरावा फुप्फुसाचा तुकडा काढूनच मिळतो. परंतु अशा रोग्याला ती शस्त्रक्रिया बहुधा झेपत नाही. म्हणून आडवाटेने जावे लागते. सी. टी. चित्रात फुप्फुसाच्या खंडिकांमधील पडदे जाड रेषांसारखे दिसणे, धुरकट ठिपके असणे आणि छातीतील लसिकाग्रंथी वाढलेल्या असणे, ह्या तीन खुणा एकत्र आल्या की शंका बळावते. नळीने मोजलेला रोहिणीतला दाब वाढलेला, पण डाव्या बाजूचा अंदाज देणारा दाब नेहमीसारखा, हीही खूण. आणि सर्वांआधीची खूण म्हणजे रोग्याचा पूर्वेतिहास : कोणते औषध, किती मात्रेत, केव्हा दिले गेले. ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निराळ्या दृष्टीनेही उपयोगी पडते. डॅसॅटिनिब हे रक्तकर्कावरील नव्या पिढीचे औषधही फुप्फुसीय अतिदाब उत्पन्न करू शकते. तेथे मात्र बिघाड मुख्यतः पाटाच्या बाजूस असतो, आणि औषध थांबविल्यावर पुष्कळ रोगी सुधारतात. म्हणजे कर्करोगाच्या दोन मुलांना एकसारखी धाप लागली तरी दोघांचा मार्ग एक नव्हे.

नीलावरोध बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. दोषी औषध थांबविणे, प्राणवायू देणे, लघवीवाटे पाणी काढणे, वाहिन्या सैलावणारी औषधे दिलीच तर थेंबाथेंबाने आणि डोळ्यांत तेल घालून देणे, हेच वैद्यांच्या हाती आहे. मज्जारोपणानंतरच्या काही रोग्यांना स्टेरॉइडांनी गुण आल्याच्या नोंदी आहेत. यकृतातील भावंडरोगावर डेफिब्रोटाइड ह्या औषधास २०१३ साली युरोपात आणि २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. फुप्फुसासाठी तशी मान्यता कोणत्याच औषधास नाही. अखेरचा उपाय फुप्फुसांच्या रोपणाचा. १९८१ साली स्टॅनफर्ड येथे ब्रूस राइट्झ ह्यांनी फुप्फुसीय अतिदाबाच्याच एका रोग्यात हृदय व फुप्फुसे एकदम बसविली आणि तो मार्ग खुला झाला. परंतु रोपणानंतर देहाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, आणि त्यामुळे निद्रिस्त कर्करोग पुन्हा डोके वर काढील ही भीती असते. म्हणून कर्करोगातून मुक्त होऊन पुरेशी वर्षे लोटल्याखेरीज बहुधा ते करीत नाहीत. आणि नीलावरोध तर वर्षांची वाट पाहत नाही. ज्या मुलाने एक मरण टाळले त्याला त्या टाळण्याचीच ही अट जाचते.

हे वाचून कोणा आईबापाने मुलाच्या कर्करोगावरील औषधांचे भय घेऊ नये. तसे झाले तर आमच्या लेखणीने मोठेच पाप केले असे होईल. औषध नाकारले तर मृत्यू जवळजवळ निश्चित. हा अवरोध लक्षावधींत विरळा. प्रश्न औषध घ्यावे की नाही हा नाहीच. ते घेतल्याची नोंद जपून ठेवावी की नाही, हा आहे. आपल्या देशात उपचार संपले की मूल शेकडो कोस दूरच्या गावी परतते. त्याच्या पिशवीत उपचारांचा एक कागद असतो. पावसाळ्यात तो भिजतो, घर बदलताना हरवतो. वर्षाने धाप लागली तर समोरच्या डॉक्टराला त्या मुलाच्या रक्तात एकेकाळी काय वाहिले होते हे कळण्याचे दुसरे साधन नसते. त्या मुलाचा दमा आहे की नीलावरोध, पाट अरुंद आहे की चर बुजली आहे, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ त्या कागदावर असतो.

आम्ही कागदांची आवक-जावक नोंदणारी माणसे. आमच्या कामाला कोणी प्राणरक्षणाचे काम म्हणत नाही, आणि ते म्हणूही नये. परंतु होराने एका सामान्य माणसाच्या मृत्यूची नोंद केली, हीथने तिला नाव दिले, आणि फ्रेंच संशोधकांनी विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या, एवढाच ह्या व्याधीचा आजवरचा इतिहास आहे. तिच्यावर रामबाण औषध कोणी शोधील तेव्हा तो पुढचा अध्याय होईल. तोवर घरोघरच्या आईबापांनी तो कागद पेटीत, दागिन्यांशेजारी जपून ठेवावा, आणि मूल जिन्यावर थांबू लागले की तो घेऊन डॉक्टरकडे जावे, इतकेच आम्हांस सुचवावयाचे आहे.